हिरव्या देठाची फांदी

बाबा,

अक्का आत्ताच गेली. लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात हलवत होती, आणि शेजारीण बघत होती म्हणून मीही हलवत होते. मग आत आले, तिचा चहाचा कप विसळला आणि इथे जेवणाच्या टेबलाशी बसले. आई आतल्या खोलीत आडवी झालीय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एकदाही तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटलं तेही तिच्यामुळेच. म्हणजे बघा, तुमचं-माझं बोलणंसुद्धा तिला मध्ये घेतल्याशिवाय होत नाही.

तुमची शेवंती न्यायला आली होती ती. मागच्या आठवड्यात फोन आला, "पुट्टी, सरांची शेवंती आहे ना गं तुझ्याकडे अजून?" मी पंचेचाळिशी ओलांडली, केस रंगवते, हाताखाली माणसं आहेत, पण तिच्या लेखी मी अजून पुट्टीच, छोटी मुलगी. तुमच्या संस्थेतल्या हरितगृहात यंदा पाणी साचलं, मुळं कुजली, आणि ती सायीच्या रंगाची शेवंती तिथे एकही उरली नाही. बाहेर कुणाला दिलेली नव्हती. आता ती असलीच तर एकाच ठिकाणी, सर्जापूर रोडवरच्या माझ्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली. अक्काला त्या वाणाला मान्यता मिळवायची आहे. पुढच्या हिवाळ्यात फुललेला ताटवा समितीला दाखवायचा, आणि वर्ष संपता संपता निवृत्त व्हायचं. वाण काढणाऱ्यांची नावं लिहितात तिथे तुमचं नाव येणार आणि तुमच्या नावाला चिकटून तिचं. "स्वल्प कटिंग्ज दे, बस्स," म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि तोंडाने मी काय म्हणाले? "ये ना अक्का, रविवारी ये. जेवायलाच ये."

तुम्हाला आठवत नसेल, पण मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या संस्थेत. शाळेला सुट्टी होती, आईला बरं नव्हतं, म्हणून तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून नेलं होतंत. त्या जाड भिंतींच्या खोलीबाहेर किरणांच्या धोक्याची पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या तीन पाकळ्या, आणि पाटीखाली एक लांब वेणीची मुलगी उभी. चिक्कबळ्ळापूरकडची, घरी पिढ्यान् पिढ्या शेवंतीची शेती, तुमच्या हाताखाली पीएच.डी. करायला आलेली. तिच्या छातीवर हुबेहूब तुमच्यासारखा बॅज. मी तिथल्या तिथे हट्ट धरला, मलाही हवा. तुम्ही म्हणालात, "हा मिरवायचा नसतो. अंगावर किती किरणं पडली ते यावरून कळतं. तुझ्यावर पडणारच नाहीत, मग तुला कशाला?" अगदी बरोबर बोललात, तुम्ही नेहमी बरोबरच बोलायचात. मग तुम्ही दोघं कटिंग्जचे ट्रे घेऊन आत गेलात आणि मी शिपायाच्या बाकावर पाय हलवत बसले. वर घरी आल्यावर आई म्हणते, "अक्का म्हण तिला." म्हटलं, काय करणार.

मग ती रविवारी रविवारी आपल्या के. आर. पुरमच्या घरी यायला लागली. ती कन्नडमध्ये बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं मस्त जमायचं. आईची थालीपिठं ती अशी हाणायची की मला दुसरं वाढायच्या आत परात रिकामी. तो दिवस तर माझ्या डोळ्यासमोर अजून जसाच्या तसा आहे. मी बाहेरच्या खोलीत पाढे लिहितेय, कान स्वयंपाकघरात. अक्का विचारतेय, "सर, किरण फुलाचा रंग कसा बदलतो?" आणि तुम्ही आईच्या मांडीवरून माझ्या शाळेचा अर्धा विणलेला मरून स्वेटर उचलता, सुयांसकट.

"किरण रंगबिंग काही बदलत नाही," तुम्ही म्हणता. "तो आंधळा असतो. पेशीत घुसतो आणि वाटेत येईल त्याला धडकतो. आत रोपाची सगळी वीण ज्या धाग्यात लिहिलेली असते, कधी तो धागाच तुटतो. मग पेशी लगेच दुरुस्तीला बसते. बहुतेक वेळा नीट सांधते. नाही जमलं तर मरते. पण कधीतरी सांधताना एक टाका चुकतो आणि तरी ती जगते." तुम्ही सुईवरचा एक टाका मुद्दाम उलटा घालता. "हा बघ. आता पुढची ओळ याच्यावरच चढणार, तिच्यावर पुढची. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, प्रत्येकीत हीच चूक. फांदीच्या शेंड्यातल्या पेशीत झालं असेल, तर ती फांदीच वेगळी होते, आणि त्याच रोपाच्या बाकीच्या फांद्यांना पत्तासुद्धा नसतो."

"अहो ठेवा ते खाली! पोरीचा स्वेटर आहे!" आई ओरडते. अक्का हसते. तुम्हीही हसता, आणि पुढे सांगतच राहता. की सगळ्यांच्याच अंगावर थोडे किरण रोज पडत असतात, वरून आकाशातून, खालून खडकातून. की बहुतेक बदल वाईटच असतात, नाहीतर दिसतच नाहीत. की किरण दिलेलं रोप स्वतः किरण सोडत नाही, हे लोकांना सांगून सांगून घसा कोरडा पडतो. मी बाहेर तेराच्या पाढ्यावर अडकून बसले होते, आणि त्याबद्दल रात्री बोलणी खाल्ली ती मीच. माझ्याशी इतकं लांबलचक तुम्ही आयुष्यात कधी बोललात का हो? मला आठवतं ते एवढंच, "अभ्यास झाला का?" आणि "दिवा बंद कर."

वाफ्यांवरही नेलंत मला एकदा. किरण दिलेल्या कटिंग्ज लावलेले लांबच लांब वाफे, तुम्ही पुढे, अक्का मागे वही घेऊन, तिच्या मागे मी. तुम्ही एकेका रोपापाशी वाकायचात आणि म्हणायचात, "नॉर्मल. नॉर्मल. हेही नॉर्मल." त्या शब्दात काय निराशा असायची! चांगली धडधाकट, हिरवीगार, कळ्यांनी भरलेली रोपं, आणि तुम्ही त्यांच्यावरून नजर अशी फिरवायचात की जशी काही ती नाहीतच. मधेच एखादं वेडंवाकडं, पानं मुडपलेलं, अर्धमेलं रोप दिसलं की झालं, गुडघे टेकून मातीत बसायचात, भिंग काढायचात, अक्काला हाक मारायचात. नॉर्मल रोपं नंतर उपटून खताच्या खड्ड्यात. मी पण शोधलं एक. पानाला भोकं, कडा कुरतडलेल्या, म्हटलं आता खूश होतील. पळत पळत घेऊन आले. तुम्ही एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "हे अळीने खाल्लंय. आणि न विचारता का उपटलंस? नुसतं वेगळं दिसलं म्हणजे बदल नव्हे. हात लावत जाऊ नकोस." अक्काने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मी झटकून टाकला.

बाबा, मीही नॉर्मलच होते. वर्गात मधल्या बाकावर, मार्क मधले, रंग मधला. आणि मला बरोबर कळत होतं की तुमच्या वाफ्यात मी असते तर तुम्ही माझ्यापाशी वाकलाही नसतात.

आता ती शेवंती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मूळ मुद्द्यावर ये. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेत पाणी घालायला कुणी नसणार म्हणून तुम्ही निवडक कुंड्या घरी आणून अंगणात ठेवल्या होत्या. जांभळ्या शेवंतीच्या, कळ्या फुटायच्या बेतात. पाडव्याच्या पहाटे आई परडी घेऊन बाहेर आली. आपल्याकडे अंगणात उमललेलं पहिलं चांगलं फूल देवाचं, त्यात विचारायचं काय असतं? तिने चार-पाच कुंड्यांमधून सगळी उमललेली फुलं खुडली, त्यात एक फूल सायीच्या रंगाचं होतं. तुम्ही दात घासून देवघरावरून जाता जाता थांबलात. बाळकृष्णाच्या डोक्यावर ते एकच पिवळसर फूल, बाकी सगळी जांभळी. "हे... हे कुठल्या फांदीचं?" आई म्हणाली, "मला काय माहीत? अंधार होता. आणि देवाला वाहिलेलं मी परत देणार नाही हं."

फूल तुम्हाला नकोच होतं, फांदी हवी होती. फूल गेलं म्हणजे खूण गेली. सगळ्या फांद्या सारख्याच हिरव्या, सगळ्यांची टोकं खुडलेली. मला वाटलं आता घरात महाभारत होणार. पण तुम्ही पायजम्यावरच बाहेर बसलात, शेजारच्यांच्या फोनवरून अक्काला निरोप गेला, ती पहिली बस पकडून आली. दोघांनी मिळून प्रत्येक फांदीच्या कटिंग्ज लावल्या, अंगण भरून गेलं. मग सगळं वर्ष तुम्ही दोघं त्या कुंड्यांपाशी उकिडवे बसलेले. भिंगातून पानं बघायची, देठ बघायचे, काहीतरी कुजबुजायचं, पुन्हा बघायचं. मी खिडकीच्या आत गृहपाठ करत होते. तुम्हाला इतकं आनंदात मी त्याआधीही पाहिलं नाही आणि त्यानंतरही नाही. आणि पुढच्या हिवाळ्यात एका कुंडीत ती सायीच्या रंगाची शेवंती फुलली तेव्हा तुम्ही आधी काय केलंत माहितीये? घरात येऊन आईच्या टोपलीतून माझ्या स्वेटरची उरलेली मरून लोकर घेतलीत आणि त्या फांदीला बांधलीत. आई फुलं खुडो नाहीतर काही करो, फांदी ओळखता यावी म्हणून. माझ्या स्वेटरची लोकर! कोपरावर विरलं होतं तिथे रफू करायला ठेवली होती ती. मी भोक पडलेल्या कोपराने सगळं वर्ष शाळेत गेले, आणि तुमच्या लाडकीच्या गळ्यात मरून गोफ.

अक्काला पीएच.डी. मिळाली तेव्हा तुम्ही तिला तुमचं भिंग दिलंत. मी इंजिनीअर झाले तेव्हा घड्याळ. "नीट चालतंय, दुकानदाराने तपासून दिलंय," म्हणालात. चालतंय अजून, त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी लोक दारात कुजबुजत होते की किरणांनीच घात केला. डॉक्टर सांगत होते हृदयविकार, पण ऐकतो कोण. अक्का सगळ्यांशी भांडली, सरांच्या बॅजवरचा आकडा एकदाही वर गेला नव्हता म्हणून. आणि मग अशी रडली की भेटायला येणारे सरळ तिच्यापाशी बसायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. मी कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होते. एका गृहस्थांनी मला विचारलं, "आपण शेजारच्या का?"

म्हणून मी ती कुंडी घेतली. आई म्हणते, बापाची आठवण म्हणून लेकीने जपली. कसलं काय! अक्काकडे आहे तर माझ्याकडेही हवी, एवढंच. पण वर्षामागून वर्षं कटिंग्ज लावल्या, नवरा म्हणाला गोव्याला जाऊ तर म्हटलं पाणी कोण घालणार. तुमच्या या जातीला एक खोड आहे. एखादी फांदी मागे फिरते आणि पुन्हा जुनं जांभळं फूल देते. म्हणून फुलं असतानाच मी सायीच्या रंगाच्या फांदीला लोकर बांधते, तीच मरून, टोपलीत होती तेवढी सगळी मी आणली होती. या हिवाळ्यात सगळ्या फांद्या मागे फिरल्या. एकच उरली.

आज सकाळी आई आणि मी अवरेकाळू सोलत बसलो होतो. तुम्हाला ते पावट्यासारखे दाणे दाबून साल काढलेले फार आवडायचे, आणि अक्कालाही आवडतात, हे आईने लक्षात ठेवलं होतं. मी धुसफुसत दाणे दाबत होते. आई म्हणाली, "तुझा जन्म झाला तेव्हा साताऱ्याची सगळी मंडळी घाबरलेली. हा किरणांत काम करतो, पोर कसं निघेल काय माहीत. हे सगळ्यांना समजावत होते, काही होत नाही, बॅज असतो. आणि नर्सने तुला आणून दिली तर दुपटं सोडून बोटं मोजत बसले. हाताची, पायाची. टाळूला हात लावला. कानामागे बघितलं. मग बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाले, नॉर्मल आहे. आणि आत येऊन रडले." मी विचारलं, "हे तू मला आज सांगतेयस?" तर म्हणते, "तू कधी विचारलंस?"

मला बरं वाटायला हवं होतं ना, बाबा? नाही वाटलं. उलट जास्तच राग आला. तोच शब्द तुम्ही माझ्यासाठी रडत म्हणालात, आणि तोच वाफ्यावर नाक मुरडून. मग मी कुठला धरायचा? मी हात धुतले, बाल्कनीत गेले आणि त्या फांदीची लोकर सोडून खिशात टाकली. फुलं तर संक्रांतीआधीच सुकून छाटली होती. आता सगळ्या फांद्या सारख्या. म्हटलं ने, हवी ती ने. पुढच्या हिवाळ्यात ताटवा भरून जांभळी शेवंती फुलेल, आणि मग बस समितीपुढे तुझं नाव घेऊन.

अक्का आली. गुडघे गेलेत तिचे, बाल्कनीच्या उंबऱ्यावर माझा खांदा धरला. केस पांढरे, वेणी मात्र तेवढीच लांब. कुंडीपाशी कशीबशी बसली, पर्समधून तुमचं भिंग काढलं, कडेला तुम्ही गुंडाळलेली चिकटपट्टी अजून तशीच. मला वाटलं होतं तिने कधीच हरवलं असेल.

"लोकर कुठाय गं?" तिने विचारलं.

"पडली असेल. वारा असतो इथे."

"अय्यो." कुंडीभोवतीची फरशी तिने हाताने चाचपली. मग म्हणाली, "सरी, बरं. जाऊ दे. सगळ्या फांद्यांच्या घेऊया. सर असंच करायचे." आणि हसली हो ती. ते तेव्हाचंच हसू, पाडव्याच्या दिवशीचं, पहिली बस पकडून आली होती तेव्हाचं. पण लगेच मनात हिशेब झालेला मला दिसला. "फक्त फुलेपर्यंत कळणार नाही कुठली कुठली ते. मग निवडून वाढवायला आणखी एक वर्ष, तोवर मी रिटायर. नंतर कोण बघणार हे? नव्या लोकांना याच्यात रस नाही. जाऊ दे, फूल तर वाचेल." तिने कात्री काढली आणि हाताला लागेल त्या फांदीला लावली. ती जांभळी होती.

"ती नाही," मी म्हणाले. "ही घे."

"कशावरून?"

"देठ बघ ना. याच्या पानांचा देठ नुसता हिरवा आहे. बाकी सगळ्यांच्या देठाला तांबूस झाक आहे. फुलातला जांभळा रंग गेला की देठातली लालीही जाते."

कसं आलं माझ्या तोंडून ते मलाच कळलं नाही. लोकर तर मी दरवर्षी बांधत होते, देठाकडे कधी बघितलंही नव्हतं. अक्काने भिंग लावलं. त्या फांदीवर धरलं, मग शेजारच्या, मग परत त्या. भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तुम्ही विशेष रोपाकडे बघायचात ना, तसं काहीतरी बघत होती माझ्याकडे, आणि मला तिच्याकडून ते नको होतं.

"हे मी पार विसरूनच गेले होते. सरांनी तुलाही शिकवलं होतं?" तिने विचारलं. त्या 'तुलाही' मध्ये, खरं सांगते बाबा, बारीकशी कळ होती. मी ती ओळखली. आयुष्यभर पोटात बाळगलीय, ओळखणार नाही तर काय.

"हो," मी म्हणाले. "मग? रोज शिकवायचे."

कटिंग्ज ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. जेवली, दाण्यांची उसळ दोनदा मागून घेतली, आईच्या पाया पडली. भिंग मला देईल असं जाताना वाटलं होतं. नाही दिलं, पुसून पर्समध्ये ठेवलं. लोकर अजून माझ्या खिशात आहे, ती फांदीला पुन्हा बांधायची आहे, आणि हा कागद मी नंतर रद्दीत टाकणार आहे. तुम्ही मला कधीच काही शिकवलं नाहीत. तुम्ही तिला शिकवत होतात आणि मी खिडकीच्या आत बसून, जळत जळत, एक न् एक शब्द ऐकत होते. तुम्ही असतात तर तिच्यासमोरच मला खोटं पाडलं असतंत. नाही आहात, म्हणूनच हो म्हणाले.